स्वप्नात चाललेले खांब

तीर्थस्वरूप आक्का हिला,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं, हे लहानपणी तूच कान धरून शिकवलंस. पैकी सात हजर आहेत. फुप्फुस त्या आठांत धरतात की नाही मला ठाऊक नाही, पण धरत असतील तर त्याचा रजेचा अर्ज सोबत जोडला आहे असं समज.)

तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती उत्तमच असते, आणि विचारलं की तू उलट विचारणाऱ्याचीच तब्येत काढतेस. दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, गुडघा दुखतो तो निदान बाहेरून चोळता तरी येतो. आमचं दुखणं ज्या जागी होतं तिथे हातच पोचत नाही. फोन करायचा सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं तू म्हणणारच. अगं, फोनवर तू बोलतेस. पत्रात मला बोलायला मिळतं, आणि मधे खोकल्याची ढास लागली तरी तुला ऐकू येत नाही. या पत्रात आत्तापर्यंत दोनदा लागली. कुठे ते ओळखून दाखव.

तुझं कार्ड परवा मिळालं. 'एक्केचाळीस खांब! शाब्बास! आता माझी तिथे गरज नाही. तिकीट रद्द केलं आहे. सोमवार चांगला जाईल.' इतकंच, आणि खाली तुझी ती शाळेच्या हजेरीपटावर असायची तशी सही. तिकीट रद्द केलंस ते अगदी योग्य केलंस. उगाच तुझी दगदग. मी इथे मजेत आहे. फक्त त्या एक्केचाळीस खांबांबद्दल एक बारीकसा खुलासा करायचा आहे, तो करतो आणि पत्र संपवतो.

पण आधी सोमवारचं लिहितो. तुला माहीत आहे, पण तू हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवणार आणि ते मधेच 'सोमवारी काय?' असं विचारून रंगाचा बेरंग करणार. तर दाजी, ऐका. आमच्या कारखान्यात प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी होतात. ज्योतीसमोर आम्ही सहाजण बसतो. परीक्षानळ्या, छोटे चंबू, वळणावळणाच्या नळ्या हे सगळेच करतात. पण तो मोठा गोल बुडाचा चंबू असतो ना, कलिंगडाएवढा, तो बावीस वर्षं मी एकटा फुंकत आलोय. काच यंत्रावर गरगर फिरत असते, तापून लालबुंद झालेली, आणि तिला जोडलेली रबरी नळी माझ्या तोंडात. लोकांना वाटतं जोर लागतो. जोर काय, कुणीही लावेल. फुंकर लांब लागते, एकसारखी, मधे न तुटणारी. मधे तुटली की चंबूची भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ होते, आणि असा चंबू दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडासमोर फुटतो. आता आमचे मालक. माणूस फार चांगला, तिथेच तर घात झाला. इस्पितळात भेटायला आले, स्टुलावर बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. तपासणीचं टेबल रिकामंच आहे." तपासणीचं टेबल म्हणजे खिडकीजवळचं. एकेक भांडं दिव्यासमोर धरायचं आणि तडा दिसतो का बघायचं. त्या टेबलावरून परत ज्योतीसमोर आलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि आक्का, त्या खुर्चीवर उशी आहे. आमच्या अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवर उशी नाही. मी मालकांना म्हटलं, मला एक संधी द्या. ते म्हणाले, घ्या की. तर येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी एक मोठा चंबू फुंकायचा आहे. जमला तर माझी जागा माझी. नाही जमला तर उशी.

आता दुखण्याचं. तू भेटायला आलीस तेव्हा मी शुद्धीवर असल्यासारखा दिसत होतो म्हणे, बोललोही म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. खरं सांगू? तापात फार सुख होतं. हे हिच्याजवळ बोलू नकोस, ती बिचारी अकरा दिवस त्या स्टुलावर बसून पाठ मोडून घेत होती. पण मी पलंगापासून वीतभर वर तरंगत होतो आणि सगळा वॉर्ड चंबूतून बघावा तसा गोल दिसत होता. नर्सबाई लांबून यायच्या त्या इवल्याशा पायांच्या, आणि जवळ आल्या की नुसतं नाक. डॉक्टर तर काठाकाठाने सरकत जायचे आणि पलीकडून उलटे बाहेर पडायचे. सगळ्यांना एक मंद केशरी कड होती, तापलेल्या काचेला असते तशी, आणि मला एकच घोर लागलेला, की आपण फिरवायचं थांबवलं तर ही सगळी माणसं एका बाजूला ओघळतील. म्हणून मी फिरवत होतो. हातात तापमापक दिला की तो दोन बोटांत फिरवायचो. चमचा दिला की चमचा. एकदा नर्सबाई नाडी बघायला आल्या तर त्यांचंच बोट धरून फिरवत बसलो. त्या भल्या बाई, त्यांनी फिरवू दिलं. नंतर हिने त्यांना माझा धंदा समजावून सांगितला तेव्हा म्हणाल्या, बरं झालं हे सुतार नाहीत.

घरी आलो आणि तरंगणं संपलं, अंगाचं वजन परत आलं. पण पूर्ण नाही आलं बघ. आजारातून उठलेल्या माणसाचे दिवस कसे असतात हे तुला कळायचं नाही, तू आयुष्यात कधी आजारी पडली नाहीस. (पडसं झालं तरी पडशालाच घाम फुटायचा.) सकाळी दात घासायचे आणि दमून पडायचं. शर्टाची वरची तीन बटणं लावायची, मग एक डुलकी, मग खालची तीन. खिडकीतून ऊन आत येतं, पलंगाच्या पायाशी बसतं, हळूहळू गुडघ्यापर्यंत सरकतं, आणि त्याच्यामागून दुपार झालेली असते. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालते. चादर वर गेली की मी डोळे मिटतो, उघडतो तेव्हा ती चादर वाळून, घडी होऊन, बाईसकट घरात गेलेली असते. मधलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. मला हे आवडायला लागलं होतं, ही खरी भानगड.

तिथे आला व्यायाम. इस्पितळातून येताना एक यंत्र दिलं होतं. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या कप्प्यांत तीन निळे चेंडू, आणि एक नळी. व्यायामाच्या बाईंनी ते कसं वापरायचं हे नीट सांगितलं, पण त्या सांगत होत्या तेव्हा माझं लक्ष त्या प्लॅस्टिकच्या जोडाकडे होतं. (जोड वाईट होता. आमच्याकडे असा जोड कुणी केला असता तर त्याला घरी बसवला असता.) घरी आलो, यंत्र हातात घेतलं, नळी दिसली, नळी तोंडात धरली आणि फुंकली. आता यात माझी काय चूक? आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून पहिला नियम असा की नळीतून हवा आत ओढायची नाही. जीव गेला तरी नाही, कारण पलीकडे आग असते. आमचे जुने वस्ताद नुसत्या संशयावरून डोक्यात टपली मारायचे. एकोणतीस वर्षं हाडात मुरलेली गोष्ट. मी फुंकलं. चेंडू ढिम्म. पुन्हा फुंकलं, जागचे हलेनात. मग कारागिराची अक्कल चालवली आणि यंत्र उलटं धरलं. काय सांगू, तिन्ही चेंडू टणकन वर! वर गेले ते गेले, आणि मी त्यांना तिथेच धरून ठेवले. लोक म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी, आम्ही पालथ्या यंत्रात वारा घातला. पहिल्या दिवशी वीस मोजेपर्यंत, मग तीस, मग चाळीस. ही मोजायची. शेजारचे काका चष्मा लावून बघायला आले आणि हरून गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते अक्षरशः नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी व्यायामाच्या बाई घरी आल्या, मी ऐटीत खुर्चीत बसलो आणि पंचेचाळीसपर्यंत चेंडू टांगून दाखवले. बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, हे आत ओढायचं असतं. नऊ दिवस तुम्ही नुसता श्वास सोडताय. घेताय कधी?" हिने त्या दिवशी मला चहा दिला नाही.

तेव्हाच तुझं फर्मान आलं. रोज रस्त्याने चालायचं, विजेचे खांब मोजायचे, आणि किती खांब झाले ते संध्याकाळी कार्डावर लिहून पाठवायचं. शाळा सोडून तुला सहा वर्षं झाली, पण कवायतीच्या बाई काही निवृत्त होत नाहीत. असो. पहिल्या दिवशी दोन खांब, हे खरे. दुसऱ्या दिवशी तीन, तेही खरे. चौथा, पाचवा, सगळे शंभर नंबरी. सातव्या खांबापर्यंतची माझी सगळी कार्डं तू कुणालाही दाखव. पण सातव्या खांबापाशी, आक्का, गाद्यांचं दुकान आहे.

गादीवाला दारातच उभा होता. मी खांबाला टेकून धापा टाकत होतो, माझा रंग बघून त्याने हात धरला आणि म्हणाला, "आत या. घेऊ नका काही. नुसतं टेका." मी टेकलो. ती गादी, काय वर्णन करू, तिने मला काही विचारलं नाही. पाठीला नाही, बरगड्यांना नाही. दुकानात कापसाचा आणि नव्या कापडाचा वास होता, रस्त्यावरचा आवाज काचेपलीकडे राहिला होता, आणि मी निघालो. म्हणजे चालायलाच निघालो. सातवा खांब मागे पडला, आठवा आपणहून पुढे आला. रस्ता पावलाखाली किंचित दबत होता, चढ होता पण लागत नव्हता. खांबांवरचे दिवे भर दिवसा लागलेले, फिकट, आणि प्रत्येक खांबाशी कुणीतरी ओळखीचं बसलेलं. कुणी बोलत नाही, मान हलवतात आणि जाऊ देतात. बाबा होते एका खांबाशी, चपलेचा अंगठा शिवत. वर न बघता म्हणाले, "हळू जा, घाई नाही." आणि श्वास, आक्का! मी घेत होतो तो टाचेपर्यंत जात होता. गार, सरळ, कुठे काही न अडता. अठरा खांब झाले. जागा झालो तेव्हा पायात गोळे आले होते आणि कपाळावर घाम होता. मला सांग, घाम आला म्हणजे व्यायाम झाला की नाही? मी संध्याकाळी कार्ड लिहिलं, 'आज अठरा'. खोटं लिहिलं नाही. कुठे चाललो ते लिहिलं नाही, इतकंच.

मग रोजचंच झालं. सात खांब जागेपणी, बाकीचे गादीवाल्याकडे. तेवीस, एकोणतीस, छत्तीस. गादीवाल्याचीही हरकत नव्हती, उलट त्याने मला आतल्या गादीवरून काढून दर्शनी काचेतल्या मोठ्या गादीवर हलवलं. तिथे वारा बरा येतो म्हणाला. मी मेला भाबडा, मला खरंच वाटलं. एक्केचाळिसाव्या खांबाच्या दिवशी ही माझी औषधं घेऊन परत येत होती, तर दुकानासमोर सातआठ माणसं दाटीने उभी. ही बुटकी, घुसत घुसत पुढे गेली. काचेत तिचा नवरा. डोक्याला कानटोपी, हात छातीवर, तोंड उघडं, चेहऱ्यावर परमसुख, आणि पायाशी पाटी: 'दहा वर्षांची हमी'. ही मोठ्याने म्हणाली, "यांची हमी कुणी दिली?" तर गादीवाला ओठावर बोट ठेवून धावत बाहेर आला, "वहिनी, हळू बोला, उठतील." त्या आठवड्यात त्याच्या आठ गाद्या गेल्या होत्या म्हणे. एक म्हातारे गृहस्थ रोज नुसते बघायला यायचे, बघून आपल्याला रात्री झोप लागते असं त्यांचं म्हणणं. हिने मला उठवलं आणि आम्ही सात खांब मागे टाकत घरी आलो. दारात आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही बरे होताय." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तर हा खुलासा. खरे खांब सात, जाताना सात आणि येताना सात असे फार तर चौदा धर. बाकीचे धरायचे की नाही हे तू ठरव, तू खात्यातली जाणकार आहेस. गादीवाल्याचं आता बोलावणं आलंय की रोज अकरा ते एक येऊन निजत जा, तो रीतसर नोकरीवर ठेवायला तयार आहे. बघ, एकीकडे उशी आणि एकीकडे गादी. माझ्या उतारवयाची सोय करायला जग कसं टपून बसलंय! मी त्याला सांगितलं, सोमवारनंतर कळवतो.

बाकी सगळं छान आहे. यंत्र आता सुलटं धरतो. चालतो. तू काळजी करू नकोस आणि मुळीच येऊ नकोस. दाजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्यालाही.

तुझा (जागेपणी तरी) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, हसवलंत छान, आता खरं लिहा. तर खरं लिहितो. ते यंत्र उलटं धरल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. खोक्यावर चित्र आहे, त्यात बाण आहे, आणि बाण वाचायला मी काही दाजी नाही. कळूनही मी आठ दिवस फुंकत राहिलो. कारण दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी घरात असताना मी श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर थांबला. बरगडीखाली असं काही लागलं की पुढचा श्वास घेताच येईना. किती वेळ ते माहीत नाही. ही दारात उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता तो मला अजून दिसतो. आता छातीचा फोटो स्वच्छ आला आहे, डॉक्टर म्हणतात आत काहीही नाही. आणि खरंच नाही. पण त्या अर्ध्यापाशी आलो की मी थांबतो. काही अडत नाही, आक्का, मीच अडवतो. फक्त झोपेत अडवत नाही. आणि लांब फुंकर घालायची तर आधी लांब श्वास घ्यावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. मला फार भीती वाटते. चंबूची नाही वाटत.

दुसरा ता. क. गादीवाला म्हणतो, रद्द केलेल्या तिकिटाच्या जागी दुसरं लगेच मिळतं, रविवारी गाडीला गर्दी नसते. मी मालकांना सांगून टाकलंय की सोमवारी बहीण येईल आणि माझ्या मागे उभी राहील. ते म्हणाले, बाहेरच्या माणसाला ज्योतीपाशी येता येत नाही. मी म्हटलं, ते तुम्ही तिलाच सांगून बघा. तू काही करायचं नाहीस. कवायत नको, उपदेश नको. मी नळी तोंडात धरण्याआधी मागून फक्त 'घे' म्हणायचं. जन्मभर तू 'घे' म्हटलेलं सगळं मी घेत आलोय. कडू काढे घेतले, तुझे आखूड झालेले स्वेटर घेतले, आणि तू फोडलेल्या बरणीचा आळही घेतला. हाही घेईन. ये.